'हांगा पळय!' (इकडे बघ!) न ओरडता मुलांचे फोटो कसे काढायचे?

मोगरा_अबोली (फोंडा) | ४ डिसेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे. धागा पहिल्यांदाच काढते आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या डिसेंबरात आम्ही हौसेने घरच्या सगळ्यांचे फोटो काढून घेतले, पैसे देऊन. फोटोग्राफर कोण ते सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. उत्तर गोव्यात बार्देशातला एक किनारा, दुपारी साडेतीनची वेळ (त्यांना पाचला पुढचं काम होतं), सगळ्यांनी पांढरे शर्ट आणि जीन्स. थोरली तेव्हा पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. समोरून ऊन, धाकट्याची झोप मोडलेली. दोघा मुलांचेच फोटो चालले होते तेव्हा फोटोग्राफरच्या मागे उभे राहून सासूबाई, नणंद, तिचे यजमान आणि मी, चौघं चार सुरांत ओरडत होतो, "बाबू, हांगा पळय! हांगा पळय मरे! हास!" कोणी खुळखुळा वाजवतंय, कोणी गाडीच्या किल्ल्या. त्या पोराने नेमकं बघायचं तरी कुठे? त्याने एकदा समुद्राकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

दोनशेच्या वर फोटो हातात आले. एकही भिंतीवर लागला नाही. लागला तो वेगळाच. फोटोग्राफर बॅटरी बदलत असताना नवऱ्याने मोबाईलवर सहज टिपलेला. सासरे वाळूत फतकल मारून बसलेत, नातीच्या बुटातली वाळू झटकताहेत आणि ती त्यांच्या टकलावर हात टेकून तोल सांभाळते आहे. दोघांपैकी कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाहीये.

आता जानेवारीत सासूसासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत. नऊ माणसं जमणार. मला त्या वाळू झटकण्याच्या फोटोसारखे फोटो हवे आहेत. ते ठरवून काढता येतात का? कुठे, किती वाजता, कोणाकडून? सगळं सांगा. सासूबाईंना मात्र "सगळे समोर बघताहेत" असा एक तरी हवाच आहे.

---

संकासुर (डिचोली) | ४ डिसेंबर, रात्री १०:४०

ठरवून नैसर्गिक फोटो! म्हणजे ठरवून शिंक काढण्यासारखं झालं. फोटोग्राफरचे पैसे वाचवा, मुलांना खेळायला सोडा, मोबाईल काढा. हाय काय, नाय काय.

---

उजेडवाला (म्हापसा) | ५ डिसेंबर, सकाळी ७:५५

संकासुरशी अर्धा सहमत. ठरवून क्षण काढता येत नाही, पण क्षणाला जागा करून देता येते. मी लग्नांचं आणि घरगुती फोटोंचं काम करतो. (जाहिरात नाही, या धाग्यावरून कोणाचं काम घेणार नाही.)

ताई, तुमचा सगळा घोळ साडेतीनमध्ये आहे. आपला समुद्र पश्चिमेला. डिसेंबरात साडेतीनला ऊन नैऋत्येकडून तिरपं येतं. समुद्राकडे तोंड केलंत तर डोळे मिटतात, पाठ केलीत तर चेहरे काळे. त्यात पांढऱ्या वाळूची तिरीप. मोठी माणसं डोळे ताणून धरतात, मूल का ताणेल? जानेवारीत सूर्य साधारण सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान बुडतो, तेव्हा पाचनंतरच बाहेर पडायचं. आपल्याकडे सूर्य बुडाला की अंधार पटकन पडतो, म्हणजे हाताशी सव्वा तास धरा. पण दीड-अडीच वर्षांच्या मुलाची झोप पाच ते सहा असेल तर हे सगळं केरात. आधी मुलाची झोप आणि पोट, मग सूर्य. मी आईवडिलांना पहिला प्रश्न हाच विचारतो, "किती वाजता जेवतो, किती वाजता झोपतो?" ठिकाण नंतर.

दुसरं म्हणजे क्रम. सासूबाईंचा "समोर बघा" फोटो पहिल्या पाच मिनिटांत उरकून टाका. मुलं ताजी असतात आणि मोठ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. तो एकदा मिळाला की आजोबा सैल होतात, आणि आजोबा सैल झाले की मुलं होतात. उलटं कधी होत नाही. मूल बिघडवत नाही फोटो, मोठी माणसं बिघडवतात. हे मी कोणत्याही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत नाही, इथे लिहितो.

तिसरं, उभं राहायला सांगू नका, काम सांगा. "आजीच्या कानात एक गुपित सांग." "बाबाला धक्का देऊन पाड बघू." "तुझ्याहून मोठं पान शोधून आण." तीन वर्षांच्या मुलाला "छान उभा राहा" म्हणजे काय ते कळतच नाही. पान आणायचं कळतं. गुपित सांगितल्यावर आजी काय करते ते टिपायचं. गुपित सांगतानाचा फोटो बरा असतो, त्याच्यानंतरच्या दोन सेकंदांतला खरा.

आणि खाली बसा. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. माझ्या सगळ्या पँटी गुडघ्यावर लाल झाल्यात, आपल्या मातीमुळे. बायको वेगळी धुते.

---

मोगरा_अबोली | ५ डिसेंबर, दुपारी १:२०

गुपिताचं फार आवडलं. धाकट्याची झोप एक ते तीन. पाचला तो राजा असतो, सातला राक्षस.

---

ओहोटी (पेडणे) | ५ डिसेंबर, दुपारी ३:०५

किनाऱ्यावर जाणार असाल तर घड्याळाबरोबर तिथीही बघा. आमच्याकडचे जुने लोक तिथीला पाऊणने गुणतात, येईल त्या तासाला भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, तास-पाऊण तास इकडेतिकडे होतं, नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात मिळेल. पण ठरवायला पुरतो. पुनव-अवसेच्या आसपास सूर्य बुडताना ओहोटी असते. लांबच लांब ओली वाळू, आकाश तिच्यात पडलेलं, मुलांना पळायला मैदान. अष्टमीच्या आसपास त्याच वेळी पाणी वरपर्यंत आलेलं असतं. मग आई अर्धा जीव पोराच्या पायाकडे ठेवून हसते, ते फोटोत दिसतं.

सकाळचा विचार कोणी का करत नाही कळत नाही. जानेवारीत सव्वासातला ऊन सह्याद्रीच्या बाजूने, म्हणजे समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलेल्यांच्या थेट चेहऱ्यावर येतं, पण कोवळं. किनारा रिकामा. नशिबात असेल तर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढणारे दिसतील, आणि दोर दिसला की मुलं आपोआप ओढायला जातात. (रापणकारांना आधी विचारा. त्यांचं ते पोटाचं काम आहे.)

एक विनंती. मोरजी, आश्वे, तिकडे दक्षिणेला आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर थंडीत कासवं अंडी घालायला येतात. तिथे कुंपण घातलेल्या घरट्यांजवळ जाऊ नका आणि अंधार पडल्यावर फ्लॅश मारू नका.

---

पुणेरी_पाहुणा | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

आम्ही नाताळात येतोय, मुलं चार आणि सात. पणजीतल्या फोंतेन्हासच्या रंगीत भिंती आणि पर्रा गावचा तो माडांचा रस्ता यादीत आहे. मुलांना फुगे घेऊन पळवायचा विचार आहे. कसं वाटतं?

---

चिरेबंदी (पणजी) | ५ डिसेंबर, रात्री ९:१५

फोंतेन्हासपासून माझं घर दोन गल्ल्यांवर आहे, म्हणून जरा तोंड उघडतो.

त्या भिंती म्हणजे देखावा नव्हे, लोकांची घरं आहेत. एखाद्याच्या पायरीवर तुमचं मूल बसवलंत आणि आतून म्हातारी दूध आणायला निघाली तर ती कुठून जाणार? कित्येक दारांवर फोटो काढू नका म्हणून पाट्या लागल्यात, त्या कंटाळून लागल्यात. पर्र्यातही तेच झालं होतं. २०१९ मध्ये तिथल्या पंचायतीने शूटिंगवर स्वच्छता कर लावला, बोंब झाली तेव्हा मागे घेतला. आणि तो वाहता रस्ता आहे. चार वर्षांच्या मुलाला फुगा देऊन तिथे पळवू नका, हात जोडतो.

आता फोटोच्या अंगानेही सांगतो. गडद निळ्या भिंतीजवळ मूल उभं केलं की गालावर निळी झाक येते, आजारी दिसतं. चिऱ्याची उघडी भिंत असेल तर चेहरा लाल होतो. पोपटी टीशर्ट घातला तर हनुवटीखाली हिरवं. भिंतीपासून चार पावलं पुढे आणलं तर हे बरंच कमी होतं. माडाखालची सावली तर फसवीच. झावळ्यांतून ऊन गळतं आणि तोंडावर कवडसे पडतात, एक डोळा पांढरा, एक काळा. सावली हवी तर आंबा, फणस, वड. नाहीतर जुन्या घराचं बाल्कांव, म्हणजे दारापुढचा ओटा. तीन बाजूंनी उजेड, वर छप्पर, बसायला सोपे (बांधीव बाक). आपल्या पणज्यांनी फोटोसाठी नसतील बांधले, पण त्याहून चांगला स्टुडिओ मी बघितलेला नाही.

---

पुणेरी_पाहुणा | ५ डिसेंबर, रात्री ९:५०

फुगे रद्द. बाल्कांववाला नातेवाईक शोधतो आहे.

---

आजीबाई_केपे | ६ डिसेंबर, सकाळी ६:१०

मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, पण पाच नातवंडं आहेत. "हास" म्हटल्यावर मूल दात दाखवतं, हसत नाही. हसवायचं तर आपण मूर्ख व्हावं लागतं. मी लुगड्याचा पदर डोळ्यांवर ओढून आंधळी कोशिंबीर खेळते आणि मुद्दाम खांबाला धरते, "सापडला रे बाबू!" म्हणून. पोरं लोळतात हसून. मामाचं पत्र हरवलं खेळताना तर मोठी माणसंही पळतात, लेक-जावई कॅमेरा विसरतात. तेव्हा बाजूला कोणीतरी गपचूप उभं असावं, एवढंच.

आणि मुलांना नवे कोरे कपडे घालू नका. टोचतात.

---

चिरेबंदी | ६ डिसेंबर, सकाळी १०:३०

आजीबाई, तुमच्या "दात दाखवतं, हसत नाही" ला १८६२ चा आधार आहे. दुशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन फोटो काढले होते. त्याचं म्हणणं असं की ओठ वर खेचणारा स्नायू हुकमाने हलतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा साथ देत नाही. म्हणून हुकमी हसण्यात डोळे कोरडे राहतात. मुलांचं तर लगेच कळतं.

अवांतर: जुन्या फोटोंत सगळे एवढे गंभीर का, असं मुलगी विचारत होती. १८३९ मध्ये फोटो हा प्रकार जगापुढे आला तेव्हा पत्र्यावर चित्र उमटायला मिनिटं लागत, पुढे सेकंदं. तेवढा वेळ पापणी न लववता कोण हसत बसणार? तान्ह्या मुलांसाठी तर गंमतच. आईच्या अंगावर चादर टाकून तिला खुर्ची केलेलं असायचं आणि तिच्या मांडीवर मूल. असे फोटो आजही बघायला मिळतात, पडद्याला हात फुटल्यासारखे. १९०० मध्ये कोडॅकने एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा काढला आणि फोटो स्टुडिओतून अंगणात आला. आपण मात्र अजून अंगणात येऊन स्टुडिओसारखे उभे राहतो.

---

बाबा_दोघांचा (वास्को) | ६ डिसेंबर, दुपारी १२:४५

छान चाललंय, पण माझं दुखणं वेगळं. क्षण दिसतो, दाबतो, आणि फोटो हललेला. कॅमेरा बरा आहे, ५० मिमी लेन्स आहे, सगळं ऑटोवर. जुळी आहेत, साडेतीन वर्षांची, एकाच दिशेला कधी पळत नाहीत. कोणी कामाचं सांगेल का?

---

उजेडवाला | ६ डिसेंबर, रात्री ११:०५

जुळी म्हणजे दोन कॅमेरे लागतील. :) कामाचं सांगतो.

पळणाऱ्या मुलाला शटरचा वेग १/५०० (सेकंदाचा पाचशेवा भाग) पेक्षा कमी नको, उड्या मारत असतील तर १/१०००. ऑटो मोड हे स्वतःहून देत नाही, संध्याकाळी १/१०० वर आणून बसवतो आणि पोराचे हात धुरकट होतात. शटर तुम्ही पकडा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) कॅमेऱ्यावर सोडा. थोडे दाणे दिसले तर दिसू देत. दाणेदार फोटो फ्रेममध्ये लागतो, हललेला लागत नाही. फोकस सतत चालू राहणाऱ्या मोडवर, डोळा पकडायची सोय असेल तर ती चालू. एकट्या मुलाला एफ २.८ चालतं (एफ म्हणजे लेन्सच्या भोकाचा आकडा, आकडा लहान तितकं भोक मोठं). दोन ओळींत नऊ माणसं बसवलीत तर एफ ५.६, नाहीतर पुढची ओळ लख्ख आणि मागे आजोबा धुक्यात.

पांढऱ्या वाळूवर कॅमेरा फसतो, सगळंच जास्त उजळ समजून फोटो काळपट करतो. उजेडाची मात्रा पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वर चढवा.

आता गोव्याचं खास. एसी गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर दव धरतं. कितीही पुसा, पुन्हा येतं. आणि मुलं सगळ्यात खुशीत असतात ती पहिली दहा मिनिटंच. बॅग बंद ठेवूनच अर्धा तास आधी एसीबाहेर काढा. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स ऑक्टोबरात बुरशी घेऊन बाहेर येते, माझी एक गेली आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा.

५० मिमीबद्दल. माझं मत, लांबून काढा. ८५ किंवा ७०-२०० मिमीची लांबची लेन्स लावून मी पंधरा पावलं मागे असतो, पाच मिनिटांत मुलं मला विसरतात.

---

खाजन (दिवाडी) | ७ डिसेंबर, सकाळी ८:२०

शेवटच्या मुद्द्याला विरोध. लांबून काढलेल्या फोटोत मूल सुंदर दिसतं, पण पाहुण्याने चोरून बघितल्यासारखं. मी ३५ मिमीची रुंद लेन्स लावून खेळातच शिरतो. सुरुवातीला मुलं लेन्सला बोटं लावतात, लावू देत. त्यांना एकदा मागच्या पडद्यावर त्यांचं तोंड दाखवा, एक फोटो त्यांना काढू द्या. मग कॅमेऱ्याची नवलाई संपते. फेरीबोटीवर हे सगळ्यात छान जमतं. बोट हलली की प्रत्येक मूल कठडा धरून पाण्याकडे बघतं आणि प्रत्येक बाप मुलाला धरतो, कोणाला काही सांगावं लागत नाही. रायबंदर-चोडण फेरी, संध्याकाळची. काही मिनिटांत पैलतीर, परत यायचं, पुन्हा जायचं.

आणि कोणी चिखलकाल्याचं नाव कसं काढलं नाही? आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर बापलेक एकाच चिखलात लोळतात. तिथे कॅमेऱ्याकडे बघायला कोणाचे डोळे उघडे नसतात.

---

उजेडवाला | ७ डिसेंबर, सकाळी ९:०२

फेरीबोट मान्य. ३५ बद्दल वाद पुढच्या धाग्यात. लाजरं मूल असेल तर तुमची पद्धत उलटेल, एवढं सांगून ठेवतो.

---

संकासुर | ७ डिसेंबर, सकाळी ९:३०

सगळं झालं, आता हे फोटो लगेच जगाला दाखवणार ना? गणवेशातलं पोर, मागे घराचं फाटक, खाली गावाचं नाव. मोबाईलच्या फोटोत जागेची नोंदही असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जशीच्या तशी जाते. विसाव्या वर्षी ते पोर विचारणार, माझा उघडा फोटो चावडीवर कोणी टांगला?

---

पुणेरी_पाहुणा | ७ डिसेंबर, सकाळी ९:४८

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

उजेडवाला | ७ डिसेंबर, सकाळी १०:१५

संकासुर बोचरं बोलतो, पण इथे बरोबर आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका बाळाचा फोटो न विचारता माझ्या पानावर टाकला होता. त्याच्या आईचा फोन आला. ओरडली नाही, नुसतं "आम्हाला विचारायला हवं होतं" म्हणाली. त्या दिवसापासून कागदावर दोन चौकटी ठेवल्यात, फोटो जाहिरातीला वापरू की नको. निम्मी माणसं "नको" वर खूण करतात. ज्याला काम द्याल त्याच्याकडून हे आधी लिहून घ्या.

---

मोगरा_अबोली | ७ डिसेंबर, रात्री १०:३०

सगळ्यांचे आभार. तिथी बघितली. लग्नाचा वाढदिवस अष्टमीला येतोय, म्हणजे संध्याकाळी वाळूच नाही. किनारा बाद. सासऱ्यांचं मूळ घर सावईवेऱ्याला आहे, मागे कुळागर (पोफळी-केळींची बाग). तिथेच जातो. कॅमेरा पुतणीकडे देणार, कॉलेजात शिकते, हात बरा आहे. जमलं तर येऊन सांगते.

---

ओहोटी | ७ डिसेंबर, रात्री १०:४४

कुळागरात कवडसे आणि केळीच्या पानांची हिरवी झाक, दोन्ही मिळतील. अंगणाच्या कडेला थांबा. आणि मच्छरांचं औषध लावून न्या.

---

मोगरा_अबोली | २९ जानेवारी, रात्री ११:२०

उशीर झाला, पण शब्द दिला होता म्हणून लिहिते.

उजेडवाला यांच्या सांगण्याप्रमाणे पाचला पोचल्या पोचल्या सासूबाईंचा फोटो काढून टाकला. तुळशीवृंदावनासमोर दोन ओळी, सगळे समोर बघताहेत, धाकटासुद्धा (नाकात बोट घालून). चार मिनिटं लागली. सासूबाईंनी तो कॅमेऱ्यावर दोनदा मोठा करून बघितला, पदर नीट आहे म्हणाल्या आणि सैल झाल्या.

त्यानंतर मी बिस्किटाचा रिकामा डबा ओसरीवर ठेवला. जो "हांगा पळय" म्हणेल त्याने दहा रुपये टाकायचे. पहिल्या अर्ध्या तासात १४० रुपये जमले, त्यातले ६० एकट्या सासऱ्यांचे. नंतर थांबले. म्हणजे पैसे टाकायचे थांबले असं वाटलं मला, बघते तर ते खुणेने "हांगा पळय" करत होते.

गुपिताचा खेळ फसला. थोरलीने आजीच्या कानात काय सांगितलं देव जाणे, आजीचा चेहरा पडला. (नंतर कळलं. आईने तुझ्यासाठी आणलेली साडी सेलमधली आहे, असं.) तोही फोटो आहे, पण तो मी कोणाला दाखवणार नाही.

मग मुलांना पाटाच्या कडेला पोफळीची एक गळून पडलेली झावळी सापडली. इथल्या लोकांना सांगायला नको. तिच्या रुंद बुडावर एकाने बसायचं, दुसऱ्याने शेंड्याकडून ओढायचं. आधी नणंदेने धाकट्याला ओढलं, मग नवऱ्याने थोरलीला. वाळलेल्या पानांचा असा काही खरखर आवाज येतो की धाकटा दर वेळी आधी दचकायचा आणि मग हसायचा. पुतणी अंगणात पोटावर पडून काढत होती. कोणाला काही सांगावं लागलं नाही, कारण कोणाला तिची आठवणच नव्हती.

आणि मग थोरलीने हट्ट धरला, आता आजोबांनी बसायचं. ते ७६ वर्षांचे आहेत. "मोडेल गे" म्हणाले, आणि बसले. ओढणार कोण? सासूबाई पुढे झाल्या. ठेवणीतली साडी, कासोटा घातल्यासारखी खोचून घेतली आणि दोन्ही हातांनी झावळी धरून ओढायला लागल्या. आजोबा जागचे इंचभर हलेनात. सासूबाई मागे कललेल्या, डोळे मिटलेले, तोंड उघडं. सासरे झावळीवर मांडी घालून राजासारखे बसलेले, एक हात वर, "चल चल" म्हणताहेत. मागे धाकटा कमरेवर हात ठेवून गंभीरपणे बघतोय, कंत्राटदारासारखा. फोटोची डावी बाजू जळली आहे, उन्हाचा एक तुकडा आलाय, सासऱ्यांचा पाय कापला गेलाय. मोठा करून आणला. वाळू झटकण्याच्या फोटोशेजारी लावला आहे.

सासूबाईंना अजून मान्य नाही. पाहुणे आले की त्या तुळशीपुढचा फोटो आतून आणून दाखवतात.

---

आजीबाई_केपे | ३० जानेवारी, सकाळी ६:०५

माझ्या घरीपण दोन्ही असते तर बरं झालं असतं. यांचा एकही हसतानाचा नाही.

---

बाबा_दोघांचा | ३० जानेवारी, सकाळी ९:४०

पुतणीने शटर कितीवर ठेवलं होतं?

---

मोगरा_अबोली | ३० जानेवारी, सकाळी १०:१५

विचारलं. १/६४०. "काकी, त्या धाग्यातच लिहिलेलं होतं ना" म्हणाली. म्हणजे तीही इथे वाचते. सेलच्या साडीचं वाचून सासूबाईंना सांगणार नाही अशी आशा.

---

संकासुर | ३० जानेवारी, सकाळी १०:३०

फोटो न बघताच दिसला. डब्यातल्या १४० रुपयांचं काय झालं?

---

मोगरा_अबोली | ३० जानेवारी, सकाळी १०:५२

फोटो काढत होतो तेव्हा बाजूच्या माडावर नारळ काढणारे पाडेली चढलेले होते. खाली उतरून म्हणाले, "बाय, फोटो मागीर काढ, पयलीं भुरग्यांक माडा पोंदच्यान काढ." (आधी मुलांना माडाखालून हलव.) मुलं खरंच माडाखाली होती, आमच्यापैकी एकाचंही लक्ष नव्हतं. त्यांना चहा दिला आणि डबा पुढे केला. घेतले नाहीत. मुलांनी आईस्क्रीम खाल्लं.